तीन मिनिटांच्या पाण्यासाठी पाच खेपा

मुलांना सामन्यात पाणी प्यायला थोडा वेळ द्या, एवढंच माझं मागणं होतं. त्यासाठी आयोजकांच्या कार्यालयात पाच खेपा घालाव्या लागल्या, आणि तो राग अजून गेलेला नाही.

लेकीची फुटबॉल स्पर्धा, तेरा वर्षांखालचा गट, सामने भर दुपारी. पहिल्याच सामन्यात तिची एक मैत्रीण धावता धावता चालायला लागली. पायाशी आलेला बॉलही तिनं पाहिला नाही. बाहेर आणलं तर एवढ्या उन्हात दंडावर काटा आलेला, आणि विचारते, "आपला गोल कुठल्या बाजूला?" थकलेलं मूल असं बरळत नाही, ही उष्माघाताची लक्षणं. तिला सावलीत निजवून बूट, मोजे, नडगीवरचे शिनगार्ड काढले, अंगावर पाणी ओतत राहिलो, मानेला, काखेत, जांघेत बर्फ लावला आणि गाडी बोलावली. डॉक्टरांनी सांगितलं, पोर वाचली ती आधी गार केल्यामुळे.

त्याच संध्याकाळी मी पंचांना गाठलं. ते म्हणाले, "स्पर्धेच्या नियमात असेल तर थांबवतो." कार्यालयात गेले, तर "खेळ थांबवणं पंचांच्या हातात." पुन्हा पंच, पुन्हा कार्यालय. दुसऱ्या खेपेला लेखी अर्ज मागितला. तिसऱ्या खेपेला त्यावर प्रशिक्षकांची सही हवी झाली. ती आधीच का नाही सांगितली? सही घेऊन गेले, तर सही करणारे साहेब जेवायला गेलेले. दीड तास बाकावर बसले. समोरच्या खिडकीतून मैदान दिसत होतं, तिथं दुसऱ्या गटाची मुलं खेळत होती आणि पाण्याच्या बाटल्या रेषेबाहेर उन्हात तापत होत्या. साहेब आले आणि म्हणाले, "बघू."

त्या रात्री मी फुटबॉलचे नियम उघडले. सातव्या नियमात स्पष्ट लिहिलंय: स्पर्धेच्या नियमांत मुभा असेल तर पाण्यासाठी एक मिनिटापर्यंत आणि अंग गार करण्यासाठी दीड ते तीन मिनिटं खेळ थांबवता येतो. म्हणजे पंच बरोबर होते, अडलं होतं कार्यालयाच्या एका ओळीवर. सकाळी त्या पानाची प्रत साहेबांपुढे ठेवली आणि म्हटलं, "ही ओळ तुम्हीच लिहायची आहे." त्यांनी दोनदा वाचलं, पेन उघडलं आणि दोन्ही हाफच्या मध्यावर तीन मिनिटं, असं लिहून शिक्का मारला. पाच मिनिटांचं काम.

म्हणून स्पर्धा सुरू व्हायच्या आधीच नियमपत्रक मागून घ्या आणि ही ओळ शोधा. नसेल तर अर्जावर प्रशिक्षकांची सही पहिल्याच दिवशी घ्या.

पाण्याचं म्हणाल तर नऊ ते बारा वर्षांच्या मुलांना दर वीस मिनिटांनी साधारण 100 ते 250 मिली पुरतं. बळेबळे लिटरभर पाजू नका, नुसतं पाणी फार झालं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेततं. हवेतला दमटपणाही बघा, घाम वाळला नाही तर अंग गार होत नाही. नुकताच ताप किंवा जुलाब होऊन गेलेलं मूल त्या दिवशी खेळवू नका. आणि हे खरं तर सगळ्यात आधी सांगायला हवं होतं: शरीराला उन्हाची सवय व्हायला 10 ते 14 दिवस लागतात, तेव्हा सराव हळूहळू वाढवा.

पुढच्या सामन्यात पंधराव्या मिनिटाला शिट्टी वाजली. ती मैत्रीण अजून घरीच होती. बाकीच्या अकरा जणी सावलीकडे पळाल्या, लेकीनं अर्धी बाटली प्यायली आणि उरलेली डोक्यावर ओतली.