आमच्या सोसायटीचा पोहण्याचा टँक पुन्हा सुरू झाला, त्याची हकिकत

नागपूरच्या बेसा भागातल्या आमच्या सोसायटीत मी सेक्रेटरी आहे. एप्रिलमध्ये टँकमध्ये पोहणाऱ्या काही पोरांचे डोळे लाल झाले, कान दुखू लागले, आणि एका सभासदाने थेट प्रशासनाकडे तक्रारीचा अर्ज केला. लगेच तिकडून पत्र आलं: पाण्याचा तपासणी अहवाल, रोजच्या नोंदींचं रजिस्टर आणि जीवरक्षकाची माहिती द्या, तोवर टँक बंद ठेवा.

कमिटीत पहिला सूर एकच. "काऊन बंद ठेवायचा भाऊ? टँक आपला, मेंटेनन्स आपण भरतो. हा काय पब्लिक टँक आहे?" मला हा मुद्दा कधीच पटला नाही. उन्हाळ्यात मामाकडे आलेली भाचरं, त्यांचे मित्र, कोणाचे पाहुणे, सगळे त्याच पाण्यात उतरतात. माझा साळा डॅलसला असतो. त्याला विचारलं तर म्हणाला, टेक्ससमध्ये घरमालकांच्या संघटनेचा टँक हॉटेलच्या टँकसोबत एकाच वर्गात, 'क्लास सी' मध्ये धरतात. तळाच्या ड्रेनवर सुरक्षित जाळी लावण्याचा त्यांचा 2007 चा केंद्रीय कायदाही अशा टँकला लागू आहे. हे ऐकल्यावर आमच्या खजिनदारांचा आवाज जरा खाली आला. आमची जाळी एका स्क्रूवर लटकत होती, ती त्याच आठवड्यात बदलली.

लॅबवाल्याने निर्जंतुक बाटली दिली. तिच्या तळाशी थोडी पांढरी पूड असते, ती धुवायची नाही. ती पाण्यातलं क्लोरीन मारते, नाहीतर बाटलीतच जंतू मरतात आणि अहवाल खोटा चांगला येतो. तपासणी आयएस 3328, म्हणजे पोहण्याच्या टँकमधल्या पाण्याच्या भारतीय मानकाप्रमाणे करून मागितली.

अहवालात कोलिफॉर्म, म्हणजे पाणी दूषित असल्याची खूण असलेले जंतू, निघाले. पंचाईत अशी, की आमच्या क्लोरीन मोजायच्या किटमध्ये क्लोरीन दोन पीपीएम दिसत होतं, चाचणीची गोळी टाकली की पाणी मस्त गुलाबी व्हायचं. लॅबमधल्या पोराने विचारलं, "सायन्युरिक ॲसिड कधी मोजलं?" हे नाव आमच्या टँकवाल्यानेही ऐकलं नव्हतं. त्या चाचणीत पाणी औषधाने दुधाळ होतं आणि ट्यूबच्या तळाचा काळा ठिपका दिसेनासा होईपर्यंत ते ओतत जायचं. जितक्या लवकर ठिपका गायब, तितकं ॲसिड जास्त. आमची ट्यूब जेमतेम भरू लागली होती, तेवढ्यातच ठिपका गेला.

कारण तरंगत्या डब्यातल्या क्लोरीनच्या गोळ्या. नागपूरच्या उन्हात साधं क्लोरीन काही तासांत उडून जातं, म्हणून त्या गोळ्यांत हे ॲसिड असतं, क्लोरीनला सावली दिल्यासारखं. पण पाणी वाफ होऊन गेलं तरी ॲसिड टँकमध्येच राहतं. वरून नवं पाणी, नव्या गोळ्या, आणि ते साचत जातं. प्रमाणाबाहेर गेलं की क्लोरीन किटमध्ये दिसतं, पण जंतू मारायला फार वेळ लावतं.

उपाय एकच, पाणी काढून नवं भरणे. आणि तेही मे महिन्यात, नवतपा, म्हणजे कडक उन्हाचे नऊ दिवस, तोंडावर असताना! टँकरवाले भाव बोलू लागले. "कुलरला पाणी पुरत नाही, आणि तुम्ही पोहायला टँकर मागवता?" असं एका काकूंनी लिफ्टमध्ये सुनावलं. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. शेवटी निम्मं पाणी काढलं. क्लोरीन उतरू देऊन ते पार्किंग धुवायला वापरलं.

आता गोळ्या बंद. लिक्विड क्लोरीन सूर्य मावळल्यावर टाकतो, म्हणजे रात्रभर ते काम करतं. सकाळी वॉचमन क्लोरीन आणि पीएच मोजून रजिस्टरमध्ये लिहितो, आणि आकडे गेटवरच्या फळ्यावरही येतात. दुसरा अहवाल स्वच्छ आल्यावर परवानगी मिळाली. जीवरक्षकाच्या पगाराचा प्रश्न मात्र लोंबकळतो आहे. पोहणाऱ्या घरांनीच तो द्यावा, असा ठराव वार्षिक सभेत येणार आहे, आणि मी त्याच्या विरोधात हात वर करणार आहे.