भुरीचं पथ्य

भुरी आमची देशी कुत्री. तिला खाज बारा महिने असायची, पावसाळ्यात जास्त. पुढचे पंजे चाटून चाटून तिथले पांढरे केस तांबूस झाले होते. कान आतून लालभडक, आंबूस वासाचे. औषध टाकलं की काही दिवस बरे, मग पुन्हा तेच. गोचीड, पिसवा, खरूज हे सगळं डॉक्टरांनी तपासून बाद केलं होतं. कानातला मळ काचेवर घेऊन मायक्रोस्कोपखाली बघितला तर यीस्ट, म्हणजे एक प्रकारची बुरशी, भरपूर. पण यीस्ट माजतं ते आधीच बिघडलेल्या कातडीवर. ती बिघडवतंय कोण? डॉक्टर म्हणाले, "आता खाण्याचं बघूया."

मला वाटलं, रक्त काढतील, चार दिवसांत रिपोर्ट येईल. तसं नसतं. खाण्याच्या अ‍ॅलर्जीसाठी रक्ताच्या किंवा लाळेच्या चाचणीवर भरवसा ठेवता येत नाही. निरोगी कुत्र्याचाही रिपोर्ट पॉझिटिव्ह येऊ शकतो. खात्रीचा मार्ग एकच. जन्मात न खाल्लेलं एक प्रथिन, सोबत एक पिष्टमय पदार्थ, किमान 8 आठवडे, आणि त्याशिवाय तोंडात काहीही नाही. खाण्याचीच अ‍ॅलर्जी असेल तर 90 टक्क्यांहून जास्त कुत्री तेवढ्यात सुधारतात. सुधारली की जुनं खाणं मुद्दाम परत द्यायचं आणि खाज परत येते का ते बघायचं.

भुरीने काय खाल्लेलं नाही, हे शोधायला बसलो तेव्हा घरात हशा पिकला. कोल्हापूरचं घर. चिकन, मटण, अंडी, दूध, चपाती, भाकरी, भात, सगळं झालेलं. राहिले ते मासे, कारण आम्हीच फारसे खात नाही. प्रथिनांचे बारीक तुकडे करून बनवलेलं तयार खाद्यही मिळतं, आणि परवडत असेल तर ते सोपं. आम्हाला ते झेपणारं नव्हतं. दुकानातलं 'फिश' लिहिलेलं साधं खाद्य मी उलटून वाचलं, तर मागे चिकन फॅट. म्हणून ठरलं : बांगडा आणि रताळं. बांगड्याचा मधला काटा सहज सुटतो, म्हणून तो. उकडायचा, काटे काढायचे. मीठ, तेल, हळद काही नाही.

मुहूर्त मात्र श्रावणाचा लागला. जून-जुलैची मासेमारीबंदी उठून बांगडे स्वस्त व्हायला आणि सासूबाईंचा श्रावण चालू असायला एकच गाठ. मी परसात वेगळी शेगडी मांडली, भांडी वेगळी केली. आईंनी नाकाला पदर लावून परवानगी दिली. रताळ्यांची मात्र चंगळ, उपवासामुळे बाजार भरलेला.

शिजवणं हा यातला सोपा भाग. अवघड होते ते हात. आपल्याकडे कुत्रा एका माणसाच्या हातचं खात नाही, अख्खी गल्ली त्याला घालते. शेजारच्या काकू शिळी चपाती द्यायच्या, दूधवाला मापातलं उरलेलं तिच्या ताटलीत ओतायचा, शाळेत जाणारी पोरं बिस्किटं टाकायची. आणि आमचे सासरे, तात्या. सकाळी चहात बुडवलेली चपाती अर्धी तात्यांची, अर्धी भुरीची, हा वर्षानुवर्षांचा करार. त्यांना सांगितलं तर म्हणाले, "एवढ्याशा घासानं काय हुतंय?" होतं, कारण अ‍ॅलर्जीला एक घासही पुरतो. शेवटी डॉक्टरांनीच तात्यांना फोनवर समजावलं. सुनेचं ऐकण्यापेक्षा डॉक्टरांचं ऐकणं त्यांना सोपं गेलं असावं. गोचिडांची चघळायची गोळीसुद्धा बदलली, कारण तिला मांसाची चव लावलेली असते. त्याऐवजी मानेवर टाकायचं औषध आलं.

सुरुवातीला यीस्टसाठी कानाचे थेंब आणि औषधी शाम्पू, खाजेसाठी थोडे दिवस स्टेरॉइड. स्टेरॉइड बंद केल्यावर खाज परत येते का, यावर सगळं अवलंबून होतं. आली नाही. मग पितृपक्ष लागला. शेजारच्या गच्चीवर कावळ्यासाठी ठेवलेलं पान, खीर-वड्यांसकट, भुरीने कठड्यावरून उडी मारून संपवलं. दोन दिवसांत पंजे चाटणं सुरू. डॉक्टरांनी पथ्य पुढे वाढवलं. कुणाच्या पितरांचा घास गेला म्हणून आईंनी त्या घरी शिधा पोचवला, तो वेगळाच.

दसऱ्यापर्यंत भुरीचे कान गुलाबी, पंज्यांवर नवे पांढरे केस. घरचे म्हणाले, झालं, आता बांगडा बास. इथेच बहुतेक लोक थांबतात, आणि माझ्या मते इथे थांबण्यात अर्थ नाही. मधल्या काळात पाऊसही संपला होता, हवा कोरडी झाली होती, औषधी शाम्पू चालू होता. ती बांगड्याने बरी झाली की ऑक्टोबरच्या उन्हाने, हे कसं कळणार? म्हणून जुनं खाणं परत दिलं, चहा-चपातीसकट. तात्या खूश. आठवड्याच्या आत रात्री चाटण्याचा आवाज यायला लागला. पुन्हा बांगडा, पुन्हा शांत.

मग एकेक पदार्थ, प्रत्येकाला दोन आठवड्यांपर्यंत मुदत. आमचा सगळ्यांचा संशय चिकनवर होता. डॉक्टरांनी एक अभ्यास सांगितला होता, 2016 सालचा. त्यात 297 अ‍ॅलर्जीवाल्या कुत्र्यांमध्ये गोमांस 34 टक्के, दुग्धजन्य पदार्थ 17, चिकन 15, गहू 13. पहिल्याचा आमच्या घरात प्रश्नच नव्हता. उकडलेलं चिकन दिलं, काही झालं नाही. कोरडी चपाती दिली, काही नाही. दूध दिलं आणि चौथ्या दिवशी कान लाल.

कोल्हापुरात हे सांगणं म्हणजे आफत. कुणी म्हणालं म्हशीचं नको, देशी गाईचं द्या. कुणी म्हणालं शेळीचं. पण या दुधांतली प्रथिनं एकमेकांशी इतकी मिळतीजुळती की ज्याला एक बाधतं त्याला बाकीचीही बहुधा बाधतात. दूध पचत नाही ते दुधातल्या साखरेमुळे, त्याने जुलाब होतात; भुरीला होती ती प्रथिनाची अ‍ॅलर्जी. पोरांच्या बिस्किटांच्या पुड्यामागे बारीक अक्षरात 'मिल्क सॉलिड्स' सापडलं, तेव्हा इतक्या वर्षांचा हिशेब लागला.

आता तिला चिकन, भात, दुधी किंवा गाजर, अधूनमधून बांगडा. हाडांशिवायच्या घरच्या जेवणात कॅल्शियम फार कमी पडतं, म्हणून डॉक्टरांनी मोजून दिलेली पावडर रोज लागते. पथ्याच्या थोड्या दिवसांत तिच्याशिवाय चाललं, कायमचं चालत नाही. फाटकाला एक डबा टांगलाय, त्यात उकडून वाळवलेल्या रताळ्याच्या चकत्या. ज्याला घालायचंय त्याने त्यातलं घालावं. काकू घालतात. दूधवाला लांबूनच हाक मारून जातो. तात्या चहाआधी चपातीचा कोरडा तुकडा मोडून बाजूला ठेवतात. आईंचं म्हणणं, कढवलेल्या तुपात दूध उरतंच कुठे? प्रथिनापुरतं त्यांचं बरंचसं बरोबर आहे. पण तुपाची परीक्षा पुढच्या पावसाळ्यात कान कसे राहतात ते बघूनच घेऊ, असं डॉक्टरांनी सांगितलंय.