मेल सगळ्यांना, काम कुणालाच नाही

कुपवाड एमआयडीसीतल्या कारखान्याचा मेल असो की सांगलीच्या मार्केट यार्डातल्या हळद गोदामाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप, रडगाणं एकच: 'सगळ्यांना कळवलं होतं, तरी कुणी केलं नाही.' लोकांना कामचुकार म्हणून मोकळं होता येतं. पण बहुतेक वेळा खोट मेल लिहिण्यातच असते.

1968 मध्ये जॉन डार्ली आणि बिब लाताने या मानसशास्त्रज्ञांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. इंटरकॉमवर बोलता बोलता पलीकडच्याला फेफऱ्याचा झटका आल्याचं ऐकू यायचं. ऐकणारे आपणच एकटे, असं वाटणाऱ्यांपैकी 85 टक्के लोक झटका संपायच्या आत मदतीसाठी उठले. आणखी चौघं ऐकताहेत असं वाटणाऱ्यांपैकी फक्त 31 टक्के. न उठलेले निर्ढावलेले नव्हते, कित्येकांचे हात थरथरत होते. 2002 मध्ये ग्रेग बॅरन आणि एल्दाद येखियाम यांनी हेच ईमेलवर तपासलं. पाच जणांना मिळून पाठवलेल्या प्रश्नापेक्षा एकट्याच्या नावे पाठवलेल्या प्रश्नाला उत्तरं जास्त आली, आणि ती जास्त कामाची होती.

मेलमध्ये वर आणखी एक गोची आहे. कुणी परस्पर उत्तर दिलंय का, हे बाकीच्यांना दिसतच नाही. 'दिलं असेल कुणीतरी' असं प्रत्येक जण धरून चालतो. त्यात साहेब सीसीमध्ये असले की चुकीचं लिहून हसं करून घेण्यापेक्षा गप्प बसलेलं बरं!

पावसाळ्यातला हा मेसेज बघा: 'पाणी वाढतंय, खालची पोती वर घ्यावीत ही विनंती.' अंगठे येतात, पोती जागच्या जागी. तोच असा लिहा:

'संतोष, आयर्विन पुलापाशी पाणी 38 फूट आहे, 40 ला इशारा पातळी. दोन नंबर गोदामातल्या खालच्या थप्प्या आज सहाच्या आत माळ्यावर घे. हमाल कमी पडत असतील तर तीनपर्यंत मला फोन कर. काम झालं की फोटो टाक. तीनपर्यंत तुझं उत्तर नाही आलं तर दत्ताभाऊ बघतील.'

दुसरं नाव असं वेळ घालूनच द्यायचं. 'संतोष किंवा दत्ताभाऊ' लिहिलंत की पुन्हा दोघंही एकमेकांकडे बघत बसणार.

मेलमध्ये 'टू'त एकच नाव, विषयाच्या ओळीत काम आणि वेळ. बाकीचे सीसीत, आणि त्यांना फक्त माहितीसाठी घेतलंय हे पहिल्याच ओळीत सांगा. तिघांना तीन कामं असतील तर तीन मेल. कंटाळा येतो, पण इलाज नाही. अंगठा म्हणजे फक्त 'वाचलं'. 'घेतलं, सहापर्यंत करतो' असं येईपर्यंत काम तुमच्याच डोक्यावर आहे.

ऑर्डरी आणि तक्रारी येणारा सामाईक इनबॉक्स सर्वांत धोक्याचा. तिथे आठवड्याची पाळी लावा आणि पाळीवाल्याचं नाव फळ्यावर लिहा. गणपतीत तो गावी जाणार असेल तर बदली त्यानंच नावानिशी सांगून जायचं. गिऱ्हाइकाशी फोनवर बोलणं झालं असेल तरी त्या मेलखाली 'बोललो, मिटलं' एवढं टाकायचं, नाहीतर दुसरा कुणीतरी वेगळाच भाव कळवून बसतो.