खुसपटं काढायची सवय आणि रात्रीचा वर्ग

नागपूरच्या हिंगणा एमआयडीसीतल्या कारखान्यात माझी अख्खी नोकरी क्वालिटीत गेली. लेथवरून उतरलेला जॉब, म्हणजे मशीनवर घडवलेला भाग, हातात घ्यायचा, मायक्रोमीटर लावायचा, मापात नसला की लाल टॅग. ऑपरेटर मंडळींचा मी कधीच लाडका नव्हतो. घरीही तीच गत. भाजीत मीठ कमी, कपाट भिंतीला तिरपं, लग्नपत्रिकेत ऱ्हस्वदीर्घ चुकलेलं, हे सगळं मला आधी दिसतं आणि दिसलं की तोंडातून निघतं. बायकोचं ठरलेलं वाक्य आहे, "तुम्हाले तं देवाच्या मूर्तीतही खोट दिसंन." रिटायर झाल्यावर असा माणूस चोवीस तास घरात म्हणजे घरच्यांना सजाच. साक्षरतेच्या वर्गाकडे मी वळलो त्यात समाजसेवेचा वाटा थोडा आणि बायकोचा जास्त होता, हे आधीच सांगून टाकतो.

आमच्या भागातल्या शाळेच्या मोठ्या बाई स्वयंसेवक शोधत होत्या. 'उल्लास' नावाने चालणारा केंद्राचा नवभारत साक्षरता कार्यक्रम २०२२ ते २०२७ या पाच वर्षांचा आहे. पंधरा वर्षांवरच्या, शाळा न पाहिलेल्या किंवा अर्ध्यात सुटलेल्या माणसांसाठी. शिक्षक घरोघरी सर्वेक्षण करून नावं काढतात, ती ॲपवर चढतात आणि स्वयंसेवकाच्या नावाशी जोडली जातात. स्वयंसेवकाला मानधन नाही. डीएड, बीएड लागत नाही. मोठ्या बाईंनी मला विचारलं, "शिकवायचा काही अनुभव?" मी म्हटलं, "नाही. तपासायचा आहे." त्या हसल्या आणि नाव लिहून घेतलं.

२०११ च्या जनगणनेत नागपूर जिल्ह्याची साक्षरता ८८ टक्क्यांच्या वर होती. म्हणजे न येणारे फार नसतील असं वाटतं. पण सर्वेक्षणाला आलेल्या माणसाला दारात उभं ठेवून "मी अंगठा लावतो असं कोण म्हणते, मी सही करतो" असं सांगणारे किती तरी निघाले. सही येते, म्हणजे स्वतःच्या नावाचं चित्र काढता येतं. आमच्या वस्तीतली खरी नावं बाहेर काढली ती बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या एका पोरीने. तीही स्वयंसेवक. तिच्या आईच्या, मावशीच्या ओळखीतल्या बाया. त्यांनी तिला घरात घेतलं, चहा पाजला आणि मग हळूच कबूल केलं. मी गेलो असतो तर एकीनेही दार उघडलं नसतं.

जागा मिळाली विहाराच्या हॉलमध्ये. वेळ रात्री साडेआठची, कारण त्याआधी कोणाचाच स्वयंपाक आटपत नाही. बहुतेक चाळिशी-पन्नाशीच्या बाया. एक कॉटन मार्केटातून माल आणून हातगाडीवर भाजी विकणारी, दोघी धरमपेठेत धुणीभांडी आणि पोळ्यांची कामं करणाऱ्या, एक शिलाईवाली, आणि एक साठी ओलांडलेली आजी, जी येताना नातवाला सोबत आणायची आणि तो झोपून गेला की त्याच्या अंगावर पदर टाकून लिहायला बसायची.

पहिले काही दिवस फळ्याजवळ मी उभा राहिलो. शिक्षणाचं महत्त्व वगैरे बोललो. माझं मलाच ऐकवेना. ती पोरगी उठली आणि म्हणाली, "काकाजी, तुम्ही बसा जरा." मग तिने बायांना विचारलं, की आज दिवसभरात कुठे कुठे लिहिलेलं दिसलं. सिलेंडरची पावती, दवाखान्याचा केसपेपर, मेट्रोची पाटी, पोराच्या शाळेची नोटीस. हॉलमध्ये एकदम गलका. माणसांना बोलतं करायची ही कला तिच्याकडे जन्मजात आहे. माझ्याकडे नाही, आणि आता साठीनंतर ती येणारही नाही. तेव्हापासून फळा तिचा आणि वह्या माझ्या अशी वाटणी झाली. खरी गंमत तिथून सुरू झाली.

वही तपासताना मला चूक दिसायचीच. पण कारखान्यात नुसती चूक दाखवून आमचं भागत नसे. जॉब मापाबाहेर गेला तर का गेला, हे लिहावं लागे. टूल झिजलं, सेटिंग हललं, की मोजायचं साधनच बिघडलं? आमचे जुने साहेब म्हणायचे, आधी आपला मायक्रोमीटर तपास, मग ऑपरेटरला बोल. ही सवय मुरलेली. भाजीवाली मावशी 'घ' आणि 'ध' यांत सारखी घोटाळायची. 'भ' आणि 'म'चंही तेच. पोरीने तिच्याकडून पानंच्या पानं गिरवून घेतली, फरक पडेना. मी पाहिलं, मावशी फळ्यावरचं बरोबर ओळखते आणि वहीतलं चुकते. आणि वही हळूहळू लांब लांब धरते. बाईला चाळिशी लागली होती, दुसरं काही नाही. आयुष्यात कधी वाचायची वेळ आली नाही, त्यामुळे जवळचं धूसर दिसतं हे तिला कळायचं कारणच पडलं नव्हतं. सुईत दोरा ओवायला सून होती. सीताबर्डीवरून वाचायचा चष्मा आला आणि 'ध'ची गाठ तिला दिसली. "मले वाटे माहं डोस्कंच जड आहे जी," ती म्हणाली. त्यानंतर वर्गात नवीन बाई आली की मी पहिल्या दिवशी तिच्या हातात पेपर देतो आणि ती तो किती लांब धरते तेवढंच पाहतो.

अंकांचं प्रकरण तर मला फारच आवडलं. तीच मावशी तोंडी हिशेबात कोणाला ऐकणारी नाही. पाव किलो गवार, अर्धा किलो भेंडी, पाऊण किलो वांगी, गिऱ्हाइकाने पाचशेची नोट दिली तर परत किती, हे तिचं बोलता बोलता झालेलं असतं. पण एकशे पाच लिहायला सांगितलं की ती लिहायची १००५. शिलाईवालीही तसंच लिहायची, पोळ्या करणारीही. तिघींची चूक एकसारखी आली तेव्हाच मला कळलं की हा निष्काळजीपणा नाही. कान ऐकतो 'एकशे' आणि 'पाच', हात आधी शंभर लिहितो, मग त्यापुढे पाच. त्यांच्या बाजूने पाहिलं तर अगदी बरोबर आहे. स्थानिक किंमत, एकक-दशक हे शब्द मी तोंडातून काढलेच नाहीत. पाटीवर तीन रकाने आखले. डावीकडे शंभराची नोट, मध्ये दहाच्या नोटा, उजवीकडे रुपयाची नाणी. एकशे पाच ठेवा. मधला रकाना रिकामा राहिला. "तिथं काहीच नाही तं काय लिहू?" मावशीने विचारलं. मग स्वतःच म्हणाली, "काहीच नाही म्हणजे शून्य." त्या क्षणी मला झालेला आनंद कारखान्यातल्या कोणत्याही ऑडिटनंतर झाला नव्हता.

दुसरी अडचण वेगळीच. या बायांना आकडे येत नव्हते असं नाही. मोबाइलवरचे, बसवरचे, नोटेवरचे इंग्रजी आकडे सगळ्यांना ओळखता येत. देवनागरी पाच, देवनागरी सात समोर आला की गाडी अडायची. आणि मोजणी बहुतेकींची हिंदीत, कारण बाजार हिंदीत चालतो. पच्चीस कळतं, पंचवीसला क्षणभर थांबावं लागतं. एकोणसाठ आणि एकोणसत्तर तर नागपुरात दहावी पास पोरांनाही विचारून पाहा. आम्ही एका कार्डावर ही सगळी रूपं शेजारी शेजारी लिहिली. एका येणाऱ्या गोष्टीवरून दुसरीकडे जायचं, जे येतं त्याला नाव ठेवायचं नाही.

वाचनासाठी साहित्य मी शोधत होतो आणि ते डोक्यावरून धावत होतं. मेट्रोची आमची लाइन लोकमान्य नगरहून निघून प्रजापती नगरला जाते. स्टेशनांच्या पाट्या मी सोप्यापासून अवघडापर्यंत लावल्या. सुभाष नगर, वासुदेव नगर आधी; त्यांत जोडाक्षर नाही. शंकर नगरला अनुस्वार. बन्सी नगर, लोकमान्य नगरला 'न'चं अर्धं रूप. मग प्रजापती नगर आणि कॉटन मार्केट. 'र' हे अक्षर फार डांबिस आहे. 'प्रजापती'त 'प'च्या पोटात तिरपी रेघ होऊन बसतं, 'मार्केट'मध्ये 'के'च्या डोक्यावर चढतं आणि वर उच्चार मात्र 'के'च्या आधी होतो. मावशीला कॉटन मार्केट वाचायचंच होतं, तिथे ती रोज पहाटे जाते. 'माकेर्ट' असं वाचायची. डोक्यावरची खूण डावीकडच्या अक्षराला चिकटवून म्हणायची, हे तिला सांगून पटेना. मग ओळखीचे शब्द घेतले: मिरची नाही, मिर्ची, खर्च, सर्दी, तर्री. तर्रीपोह्याने काम केलं. नागपूरकराला तर्री कुठे तुटते ते शिकवावं लागत नाही.

याच दिवसांत मी रात्री घरी येऊन वही मांडायला लागलो. कोणाची कोणती चूक, किती वेळा, कशानंतर आली. उद्यासाठी प्रत्येकीचा वेगळा कागद, हाताने लिहिलेला, मोठ्या अक्षरात. बायको म्हणाली, "कारखान्यातल्या कामाले कधी इतका वेळ नाही देला." खरं होतं. नोकरीत पाच वाजले की माझं लक्ष घड्याळाकडे असायचं. इथे अकरा वाजून गेले तरी कागद संपत नसे, आणि मला झोप येत नसे. शिकवणं म्हणजे समजावून सांगणं असं मी समजत होतो आणि ते मला जमत नाही हेही मला माहीत होतं. पण समोरचा नेमका कुठे अडला हे हुडकणं हाही शिकवण्याचाच भाग निघाला, आणि ते मी चाळीस वर्षं दुसऱ्या नावाने करत होतो. फरक एवढाच की तिथे लाल टॅग लावला की जॉब माझ्यापुरता संपायचा. इथे तो तिथून सुरू व्हायचा.

लग्नसराईत वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला टेकला की हॉलमधला कूलर गरम वारा फेकायचा आणि कागद उडायचे. एकीच्या नवऱ्याला हे पसंत नव्हतं. त्याच्याशी पोरीच्या आईने काय बोलणं केलं ते मला कोणी सांगितलं नाही, पण बाई परत आली.

परीक्षा मार्चमधल्या एका रविवारी, जवळच्या शाळेत. दीडशे मार्कांची: वाचन, लेखन, संख्याज्ञान, प्रत्येकी पन्नास. वेळ तीन तास. प्रत्येक भागात ३३ टक्के लागतात. बाया नव्या साड्या नेसून आल्या. आजीने नातवालाही आणलं, तो म्हणे कॉपी पुरवणार होता. बाहेर आम्ही दोघं उभे. पोरगी सगळ्यांना धीर देत फिरत होती, मी मात्र मनातल्या मनात कोणाचा कोणता भाग कच्चा आहे ते मोजत होतो. निकाल लागला तेव्हा पोळ्या करणाऱ्या एकीचं लेखन राहिलं, बाकी निघाल्या. राहिलेली म्हणाली, "पुढच्या बारीले देते न जी, कुठं पळून चाललो?" तिचं मनगट कष्टाने आखडलेलं आहे, पेन्सिल घट्ट धरली की हात भरून येतो. आता तिला जाड मार्कर देतो. पेनची पकड हेही तपासायचं साधन आहे, हे तिच्यामुळे माझ्या यादीत आलं.

आजी दरवर्षी अशोक विजयादशमीला दीक्षाभूमीवर जाते. तिथल्या पुस्तकांच्या स्टॉलवरून आजवर ती नातवासाठीच पुस्तक घ्यायची, दुकानदार देईल ते. या खेपेला तिने स्वतः तीन-चार मुखपृष्ठं अक्षर लावून वाचली, एक बाजूला ठेवलं आणि भावावरून दुकानदाराशी वाजवलं. हे तिने मला सांगितलं तेव्हा पुस्तकापेक्षा भांडणाचंच कौतुक जास्त होतं.

पोरगी आता स्पर्धा परीक्षेच्या क्लासला जाते, तरी आठवड्यातून एकदा येते. तिच्या ओळखीने आजूबाजूच्या वस्त्यांतले दोघं-तिघं स्वयंसेवक मला रात्री वह्यांचे फोटो पाठवतात. मी झूम करून पाहतो आणि उत्तर लिहितो. त्या फोटोंची मी वाट पाहतो, हे बायकोने ओळखलंय. परवा एकाने पाठवलं: ऑटोवाले भाऊ, शिकायला नवे, 'नागपूर' दरवेळी 'नागपुर' लिहितात. दहादा गिरवून घेतलं तरी तेच, काय करू? मी विचारलं, त्यांचा ऑटो कुठे लागतो? तो म्हणाला, रेल्वे स्टेशनसमोर. तिथल्या पाटीवर मराठी आणि हिंदी दोन्ही नावं आहेत. मी लिहिलं, उद्या त्यांना त्या पाटीखाली घेऊन जा आणि यातलं आपलं कोणतं ते त्यांनाच शोधू द्या.