गळ्याचं ऑपरेशन करायचं असेल तर आधी खर्रा सोडा

जबड्यावर उतरलेले गाल आणि गळ्याची लोंबती कातडी वर घेण्याचं ऑपरेशन नागपुरात होतं. यवतमाळ-गडचिरोलीकडचे लोक पहिल्यांदा खर्च विचारतात. माझ्या मते आधी खर्ऱ्याचं, म्हणजे सुपारी-तंबाखू-चुना घोटून केलेल्या मिश्रणाचं, बोलायला हवं.

नुसती कातडी ओढून शिवली तर ती लवकर पुन्हा उतरते, वण रुंदावतो, कानाची पाळी खाली ओढली जाते. म्हणून कानापुढून पाळीला वळसा देत कानामागे केसांपर्यंत चीर घेतात, कातडी मोकळी करतात आणि तिच्याखालचा ‘स्मास’ नावाचा पदर ताणून शिवतात. ताण त्या पदरावर, कातडीवर नाही. गळ्यावर उभे पट्टे दिसत असतील तर हनुवटीखाली छोटी चीर घेऊन स्नायूच्या दोन्ही कडा मधोमध जोडतात.

मोकळी केलेली कातडी काही दिवस स्वतःतल्या बारीक रक्तवाहिन्यांवरच जगते. निकोटीनने त्या आकसतात आणि कानामागची कड काळी पडते. म्हणून खर्रा, गुडाखू, बिडी सगळं निदान 4 आठवडे आधी आणि 4 आठवडे नंतर बंद. खर्ऱ्याने तोंड आखडलं असेल, तीन बोटं उभी आत जात नसतील, तर भूलतज्ज्ञाला आधीच सांगा; श्वासाची नळी घालायला वेगळी तयारी लागते. आणि तोंडात पांढरा चट्टा किंवा न भरणारी जखम असेल तर गळा राहू द्या, आधी ती दाखवा.

सगळ्यात जास्त भीती कातडीखाली रक्त साचण्याची, तीही पहिल्या 24 तासांत. बीपीवाल्यांना आणि पुरुषांना हा धोका जास्त. बीपीची गोळी मनाने बंद करू नका; रक्त पातळ करणारी गोळी थांबवायची का, ते ती देणाऱ्या डॉक्टरलाच विचारा. एकाच बाजूला सूज आणि ठणका वाढत गेला, गळा टणक झाला, तर तासाभराचीही वाट पाहू नका. भामरागडहून तेव्हा पोचणं जमणार नाही, म्हणून टाके निघेपर्यंत, साधारण आठवडा-दहा दिवस, नागपुरातच कोणाकडे तरी राहा.

कानाची पाळी काही महिने बधिर राहते. ओठाचा कोपरा वाकडा वाटला तर तो बहुतेकांचा हळूहळू सुधारतो. तीन आठवडे वाकणं, ओझं उचलणं बंद. कोवळा वण उन्हाने काळवंडतो, त्यामुळे एप्रिल-मे टाळा. कापसाची वेचणी उरकली की जानेवारीत तारीख घ्या.