गारठलेली पिल्लं: माझा अनुभव

आमचं गाव चोपडा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याला. जानेवारीत रात्री पारा दहाच्या खाली उतरतो. अशाच दिवसांत वनराज जातीच्या कोंबडीची शंभर पिल्लं आमच्याकडे आली. खोका चार खणांचा, एका खणात पंचवीस. टेम्पो वाटेत खोळंबला होता. पहाटे खोका उतरवला तेव्हा कडेच्या दोन खणांमधून चिवचिव येतच नव्हती. पिल्लू उचललं आणि त्याचे पाय गालाला लावले, तर गारढोण. डोळे अर्धवट मिटलेले, मान खाली.

आवाज ऐकून शेजारची मोठी माय आली. "काय हुयनं व?" म्हणाली, आणि पिल्लं पाहून एवढंच बोलली, "पहिले ऊब दे, मंग पानी." पुढचे सगळे दिवस मी याच क्रमाने गेले. मुकं पिल्लू पाहिलं की जीव कासावीस होतो, लगेच काहीतरी पाजावंसं वाटतं. पण गारठलेल्या पिल्लाला दाणा पचत नाही. उबून निघताना अंड्यातला पिवळा बलक त्याच्या पोटात जातो आणि त्यावर ते पहिले दोन-तीन दिवस निभावतं. अंग गार पडलं की तो बलक जिरत नाही, पोटातच सडायला लागतो.

ब्रूडर, म्हणजे पिल्लांना ऊब द्यायची बल्ब लावलेली जागा, आधीच तापवून ठेवला होता. भोवती पत्र्याचं गोल कडं, म्हणजे चिक गार्ड, खाली भाताचं तूस. गोलच हवं, कारण कोपरा असला की पिल्लं तिथे एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. एका पिल्लामागे दोन वॅट असा हिशेब सांगतात. आमच्याकडच्या थंडीत मी त्याहून जास्त धरते. बल्ब जुना पिवळाच लागतो. एलईडीने उजेड पडतो, ऊब मिळत नाही, आणि पिवळा बल्ब आता दोन-चार दुकानं हिंडल्याशिवाय सापडत नाही. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या पाठीच्या उंचीवर ३५ अंश सेल्सिअस हवेत, पुढे दर आठवड्याला तीनेक अंश कमी. थर्मामीटर लावलेला होता, तरी मी जास्त विश्वास ठेवला पिल्लांच्या बसण्यावर. बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजतेय. कडेला जाऊन चोच उघडी ठेवून धापा टाकत असतील तर उकडतंय, बल्ब वर ओढायचा. सगळीकडे पसरून निवांत पडली की बरोबर.

वीज गेली की जीव टांगणीला. शेगडी पेटवायची ती बाहेर, अंगणात. पऱ्हाटीचे निखारे लवकर राख होतात, बाभळीचा कोळसा रात्रभर टिकतो. धूर पूर्ण गेला की मगच शेगडी आत न्यायची, तीही पिल्लांपासून दूर आणि वरची फट उघडी ठेवून. निखाऱ्यांचा वायू बंद खोलीत पिल्लांना मारतो आणि माणसालाही. सगळे पडदे गच्च बांधून आत शेगडी ठेवू नका, हे मी हात जोडून सांगते.

पाय कोमट लागायला लागले तेव्हा पाणी दिलं. कोमट पाण्यात थोडा गूळ, तोही पहिल्या काही तासांपुरताच, मग साधं पाणी. ज्यांना उभं राहवत नव्हतं त्यांना ड्रॉपरने. ड्रॉपर चोचीत घालायचा नाही, पाणी श्वासनळीत जातं. चोचीच्या कडेला थेंब टेकवला की पिल्लू स्वतःच जीभ हलवून ओढून घेतं. तो पहिला घोट उतरताना गळ्याखालची कातडी थरथरते. ते दिसलं की मला पुढच्या पिल्लाकडे जायचं बळ यायचं. काही पिल्लं तरीही गेली. उरलेल्यांनी दुपारपर्यंत मक्याचा भरडा टिपायला सुरुवात केली.

खरी कसोटी पुढे होती. काही पिल्लांच्या शेपटीखाली विष्ठा चिकटून वाळायला लागली आणि मार्गच बंद झाला. असं पिल्लू जोर करून करून थकतं, पोट फुगतं आणि मरतं. ही विष्ठा ओढून काढायची नाही, लवेबरोबर कातडी निघते. कोमट पाण्यात कापूस भिजवून नुसता धरून ठेवायचा, दोन-तीन मिनिटांत गोळा मऊ होऊन सुटतो. मग टिपून कोरडं करायचं, खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि अंग पूर्ण सुकल्यावरच पिल्लू परत सोडायचं. इथे एक नीट पाहा. गुदद्वाराच्या खाली, पोटाकडे, एक काळी वाळकी खपली दिसते. ती बेंबी. तिला हात लावायचा नाही. घाण समजून ती ओढली तर आतडं बाहेर येऊ शकतं.

धुऊनही काहींची हगवण थांबेना, आणि ती चुना वाळल्यासारखी पांढरी होती. पंख खाली सोडून पिल्लं एका जागी डुलायला लागली. हा पांढरी हगवण नावाचा रोग असणार असं वाटून मी ताजं मेलेलं पिल्लू पिशवीत बांधून पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं. मेलेलं पिल्लू फेकून न देता डॉक्टरांना दाखवणं हाच सगळ्यात स्वस्त इलाज आहे. डॉक्टरांनी पोट उघडलं. बलक जिरलेला नव्हता, त्याला वास येत होता, आणि यकृतावर बारीक पांढरे ठिपके होते. पांढरी हगवण ज्याने होते त्या साल्मोनेला पुल्लोरम या जिवाणूचा संशय त्यांनी सांगितला. खात्री प्रयोगशाळेतच होते, पण उपचार थांबवून चालत नाही म्हणून औषध लगेच सुरू केलं. औषधाचं नाव आणि मात्रा मी मुद्दाम लिहीत नाही. वजन आणि वय पाहून ते डॉक्टरांनीच ठरवायचं, आणि बरं वाटलं तरी सांगितलेले दिवस पुरे करायचे.

गावात मात्र कुजबुज सुरू झाली. २००६ मध्ये देशातला पहिला बर्ड फ्लू आपल्या खान्देशात, नवापूरला सापडला. तेव्हापासून कुठे कोंबड्या मेल्या की लोकांच्या पोटात गोळा येतो. डॉक्टरांनी तो संशय नाही म्हणून सांगितलं, तेव्हा घरच्यांना धीर आला. ही भीती मी खोटी मानत नाही. मोठ्या कोंबड्या एकाएकी पटापट मरायला लागल्या तर लपवू नये, दवाखान्यात कळवावं.

आजारी पिल्लांना वेगळा ब्रूडर, वेगळं भांडं, वेगळा बल्ब. काम आधी निरोगी पिल्लांचं, मग आजारी पिल्लांचं, कधीच उलट नाही. पाण्याच्या भांड्याभोवतीचं ओलं तूस रोज उचललं, कारण ओलाव्यात बुरशी धरते आणि तिचे कण श्वासात गेले की पिल्लाच्या छातीत घरघर सुरू होते. मेलेली पिल्लं चुना टाकून खोल पुरली. कुत्र्याने उकरली तर सगळ्यावर पाणी.

हळूहळू डुलणारी पिल्लं कमी झाली. मानमोडीची, म्हणजे राणीखेत रोगाची, लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी डोळ्यात थेंब टाकून देतात. निरोगी ब्रूडरला ती वेळेवर दिली. आजारी पिल्लांची डॉक्टरांनी पुढे ढकलली, कारण अशक्त अंगाला लस झेपत नाही. बर्फाच्या थर्मासमधून लस आणली, पाणी मिसळल्यावर दोन तासांच्या आत संपवली आणि उरलेली नष्ट केली.

त्यातल्या तलंगा, म्हणजे तरुण कोंबड्या, आता अंड्यावर आल्या आहेत, पिसं तुकतुकीत आहेत. पण पुल्लोरममधून वाचलेली कोंबडी रोग अंगात बाळगते आणि तो अंड्यातून पिल्लात उतरतो. म्हणून या कळपातलं एकही अंडं मी खुडुक कोंबडीखाली ठेवत नाही, आणि कुणी उबवायला मागितलं तर देत नाही. नवी पिल्लं घेताना आता पहिला प्रश्न विचारते, अंडी देणाऱ्या कळपाची पुल्लोरमची रक्ततपासणी झाली आहे का?