कशेळीचा सडा आणि एबीएसचा फ्यूज

पहिले दोन दिवस गणपतीपुळ्याच्या गर्दीत गेले. डिसेंबरातल्या जोडून आलेल्या सुट्ट्यांना तिथं जाऊ नये, एवढंच त्याबद्दल लिहितो. हे दरवर्षी म्हणतो आणि दरवर्षी जातो. तिसऱ्या दिवशी रत्नागिरीहून भाट्ये, पावस करत पूर्णगडच्या पुलावरून मुचकुंदी ओलांडली. गावखडीच्या सुरूंच्या सावलीत डबे उघडले आणि मग कशेळीच्या सड्यावर, म्हणजे जांभ्या कातळाच्या पठारावर चढलो.

कशेळीला लोक कनकादित्याच्या देवळासाठी येतात, हल्ली कातळशिल्पांसाठीही. भल्यामोठ्या हत्तीच्या रेषेच्या आत इतर प्राणी, पक्षी, मासे कोरलेत. २०२२ पासून कोकणातली ही शिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत आहेत, त्यात कशेळीही आहे. शिल्प बघून झालं. पण ही पोस्ट हत्तीबद्दल नाही, तिथून खाली वाडीकडे उतरणाऱ्या शेदोनशे मीटरच्या रस्त्याबद्दल आहे. रस्ता म्हणजे चिरेखाणीच्या ट्रकांनी पाडलेल्या दोन चाकोऱ्या. पावसाळा संपून दोन महिने झाले की जांभ्याचा वरचा थर सुटतो आणि हरभऱ्यापासून लिंबाएवढ्या गोट्या कातळावर पसरतात. त्याखाली लाल पिठासारखी धूळ. अशा उतारावर ब्रेक दाबला की पेडलखाली टर्रर्र होतं आणि गाडी आपली चालूच राहते.

आमच्या तीन गाड्यांत लगेच दोन पक्ष पडले. एकाचं म्हणणं, ब्रेक फेल झालेत. दुसऱ्याचं, "एबीएसचा फ्यूज काढा, विषय संपला." एबीएस म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा. दोघांचंही चुकलं होतं, पण दुसऱ्याचं चुकणं जास्त महागात पडणारं आहे. म्हणून ते नीट लिहितो.

एबीएसचं गणित डांबरासाठी मांडलेलं आहे. डांबरावर चाक थोडंसं घसरत फिरत असतं, साधारण १० ते ३० टक्के घसर, तेव्हा पकड सर्वांत जास्त असते. त्यापुढे चाक लॉक झालं की पकड कमी होते आणि स्टिअरिंगही जातं. म्हणून एबीएसचा मेंदू, म्हणजे मॉड्युल, सेकंदाला अनेक वेळा दाब सोडतं, धरतं. सुट्या खडीवर हे उलटं आहे. तिथं लॉक झालेलं चाक खडीत रुततं, पुढ्यात खडीचा बांध रचतं आणि त्या बांधावर गाडी अडते. एबीएस तो बांध होऊच देत नाही. रचायला लागला की चाक सोडतं आणि चाक त्यावरून पुढे जातं. वॉशबोर्डसारख्या खडबडीत पट्ट्यावर आणखी वाईट. चाक क्षणभर हवेत उडतं, ब्रेकखाली एकदम मंदावतं, आणि मॉड्युल त्याला लॉक समजून दाब काढून घेतं.

फरक किती पडतो? पाचास एक उतार धरा, म्हणजे पाच मीटर पुढे गेलं की एक मीटर खाली. पकडीचा गुणांक एबीएससह ०.३ आणि लॉक चाकांनी ०.५ धरा, हे आकडे हिशेबापुरते. ताशी २० किलोमीटरच्या वेगाने येणारी गाडी पहिल्या बाबतीत १६ मीटरवर थांबेल, दुसऱ्यात पाच-साडेपाच मीटरवर. उतार स्वतःच गाडी ओढत असतो, म्हणून पकडीतला छोटा फरक अंतरात तिप्पट होऊन येतो. आता हाच हिशेब १० च्या वेगाने करा. एबीएस चालू असूनही गाडी ४ मीटरमध्ये थांबते. म्हणजे वेग निम्मा केला तर फ्यूजला हात लावायची गरजच नाही. खाली चिऱ्यांचा ट्रक घेऊन थांबलेल्या ड्रायव्हरने हे हिशेब न मांडता सांगितलं होतं, "ओ दादा, ब्रेकावर काय उतरताय? गियरवर उतरा." त्यांनी लो रेंज (फोर बाय फोर गाडीतले जास्त ताकदीचे, कमी वेगाचे गियर) कधी वापरली नसेल, पण मुद्दा तोच.

फोर लो (चारही चाकांना ताकद आणि लो रेंज), पहिला गियर, क्लचवर पाय नाही. डिझेल गाडी ॲक्सिलरेटर न देता चालण्याच्या वेगाने उतरते, आणि बहुतेक एबीएस यंत्रणा इतक्या कमी वेगात काम करतच नाहीत. शिवाय पार्टटाइम फोर बाय फोरमध्ये पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना जखडलेले असतात, त्यामुळे एक ॲक्सल एकटा सहज लॉक होत नाही. घसरायला लागली तर ब्रेक आवळू नका. ब्रेक सोडा, किंचित ॲक्सिलरेटर द्या, चाकं फिरू द्या, नाक सरळ करा. अंगाला हे उलटं वाटतं, पण फिरणारं चाकच वळतं.

तरीही एबीएस बंद करायची वेळ येते, समजा लांब, सुट्या खडीचा, मध्येच थांबावं लागणारा उतार आहे. तेव्हा आधी मॅन्युअल वाचा. काही गाड्यांत ऑफरोड मोड किंवा फोर लो लावलं की एबीएसचं वागणं आपोआप बदलतं. ईएसपी म्हणजे गाडी आडवी घसरू न देणारी यंत्रणा; तिचं ऑफचं बटण म्हणजे एबीएस ऑफ नव्हे. सगळ्यांत जास्त फसवणारं बटण ते. दाबल्यावर ट्रॅक्शन कंट्रोल जातं, एबीएस तसाच राहतो.

फ्यूजच काढायचा असेल तर कुठला, हा खरा प्रश्न. एबीएस मॉड्युलला साधारणपणे तीन वाटांनी वीज येते: पंपाच्या मोटरसाठी एक जाड फ्यूज, व्हॉल्व्हसाठी दुसरा, आणि इग्निशनवरून येणारा ५ ते १० अँपियरचा छोटा. छोटाच काढायचा, तोही इंजिन बंद, चावी काढून, गाडी सपाटीवर उभी असताना. त्याची वीज गेली की व्हॉल्व्ह आपल्या मूळ जागी बसतात आणि मास्टर सिलिंडरचं तेल सरळ चाकांकडे जातं. पेडलला जोर देणारा बूस्टरही चालू राहतो, म्हणजे साधे ब्रेक शाबूत. पण त्या छोट्या फ्यूजवर आणखी काय काय आहे ते बॉक्सच्या झाकणावर बघून घ्या, काही गाड्यांत मीटरही त्यावरच असतो.

फक्त मोटरचा जाड फ्यूज काढू नका. मोटर बंद आणि व्हॉल्व्ह जिवंत असले, आणि मॉड्युलच्या ते लक्षात आलं नाही, तर व्हॉल्व्ह चाकातला दाब सोडतो, तेल परत ढकलायला पंप नसतो आणि पेडल खाली जात राहतं. मॉड्युल सहसा स्वतःची चाचणी करून हा दोष पकडतं, पण सड्यावर त्या 'सहसा'वर विसंबू नये.

फ्यूज काढल्यावर ईबीडीही (पुढच्या-मागच्या चाकांत ब्रेकचा दाब वाटून देणारी व्यवस्था) जातो, हे 'फ्यूज काढा, विषय संपला' म्हणणारे सांगत नाहीत. मीटरवर पिवळ्या एबीएसच्या दिव्यासोबत लाल ब्रेकचा दिवा लागला, तर तीही बंद झाली असं समजा. उतारावर वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, आधी लॉक होतात आणि शेपूट वळून पुढे येते. फोर लोमध्ये ॲक्सल जखडलेले असल्यामुळे हे बरंच टळतं. टू व्हीलमध्ये, डांबरावर, पावसात ते टळत नाही. हिल होल्ड आणि उतारावरचा वेग धरणारी यंत्रणाही याच मॉड्युलवर चालते, तीही गेली म्हणून समजा.

काही फिटर एखाद्या चाकाचा सेन्सर सोडवतात. त्याने बऱ्याच गाड्यांत एबीएस जातो आणि ईबीडी टिकतो, म्हणून ती युक्ती कागदावर बरी वाटते. कोकणात मात्र उघडा राहिलेला प्लग म्हणजे खारी हवा, फेरीबोटीवरचे शिंतोडे आणि लाल धूळ. पिना हिरव्या पडल्या की परत जोडूनही दिवा जात नाही. सोडवायचाच तर प्लग पिशवीत गुंडाळून वर बांधा. कायमचा स्विच बसवायचा असेल तर त्याच छोट्या फ्यूजच्या वायरीवर, झाकणवाला, आणि गाडी उभी असतानाच दाबायचा.

आणि ओल्या सड्यावर यातलं काहीही करू नका. जून ते सप्टेंबर त्याच कातळावर शेवाळ असतं. तिथं बांध रचायला खडीच नाही, लॉक झालेलं चाक काचेवरच्या साबणासारखं जातं. कडक जमिनीवरच्या पातळ लाल चिखलाचंही तसंच. एबीएस चालू हवा. सुक्या वाळूत तर प्रश्न वेगळाच असतो. वाळूच गाडी थांबवते, ब्रेक मारला तर चाकापुढे ढीग होतो आणि पुन्हा निघताना त्यातच रुततं. पाय काढून, उताराकडे नाक ठेवून थांबावं. वाळूच्या वाटेवर हवा ३२ वरून १८ पीएसआयवर आणली की ब्रेकपेक्षा जास्त फायदा होतो. खडीवर २५ पुरे, कारण खाली कातळाच्या कडा टायरची बाजू कापतात. गावखडीच्या पुळणीवर मात्र गाडी घालूच नये. तिथं कासवं अंडी घालतात आणि चाकोरीत पडलेलं पिल्लू पाण्यापर्यंत पोचत नाही. आम्ही डबे खात होतो तेवढ्यात एकजण घालून गेला, मोठ्याने गाणी लावून.

बाइकवाल्यांसाठी एवढंच, की केटीएम ३९० ॲडव्हेंचरसारख्या गाड्यांत ऑफरोड मोडला फक्त मागचा एबीएस जातो, पुढचा राहतो. तेच बरोबर आहे. पुढचं चाक खडीत लॉक झालं की बांध होईपर्यंत तुम्ही आडवे झालेले असता.

आमच्यातल्या एकाने काढलेला फ्यूज आडिवऱ्याला डांबर लागायच्या आधी परत बसवला. नवीन मॉडेलच्या मोटारींना एप्रिल २०१८ पासून आणि सगळ्याच नव्या मोटारींना एप्रिल २०१९ पासून एबीएस सक्तीचा आहे. तो बंद ठेवून रहदारीत जाणं चुकीचंच, आणि अपघात झाला तर विमावाले पहिला प्रश्न तोच विचारतील. चावी फिरवल्यावर दिवा लगेच गेला नाही तर घाबरू नका. काही गाड्यांत थोडा वेग घेतल्यावर बॉनेटखाली एकदा 'घर्र' होतं, ती स्वतःची चाचणी, मग दिवा विझतो. त्यानंतर मोकळ्या रस्त्यावर, मागे कोणी नाही बघून, एकदा जोरात ब्रेक मारा. पायाखाली टरटर जाणवली पाहिजे. नाही जाणवली किंवा दिवा गेलाच नाही, तर स्कॅनर लावून कोड बघावा लागतो.

रात्री जिथं उतरलो तिथल्या काकूंनी जेवायच्या आधी विहिरीचा पंप चालू करून पाइप हातात दिला. चाकांच्या आत, सेन्सरच्या वायरीवर गोडं पाणी मारून घ्या म्हणाल्या, मुंबईची पोरं हे विसरतात. त्यांच्यामागे उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाच्या जीपला एबीएस नव्हता, आणि सड्यावरून ती जीप रोज दोनदा उतरते.